सात पदरी चड्डी

माझ्या थोरल्या भावाने ज्या वर्षी पंचाहत्तरी गाठली, तोंडात वरखाली नवे दात बसवून घेतले आणि पहिल्याच आठवड्यात चालत्या बसच्या खिडकीतून शिंकताना ते रस्त्याला अर्पण केले, त्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या घरात साल आकड्यात सांगायची पद्धत नाही. 'दात गेले ते वर्ष' म्हटलं की सगळ्यांना कळतं. फक्त भावासमोर म्हणत नाही.

त्या वर्षी माझी नात सव्वादोन वर्षांची होती. चेहरा गोल, त्यात दोन काळेभोर डोळे, म्हणून मी तिला बटण म्हणायचो. तिच्या आईला ते आवडत नसे. पण एकेचाळीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून काढलेल्या माणसाने नातीला गुलाब म्हणावं तरी कसं? मी आयुष्यभर बटणंच पाहिली.

एका रविवारी सकाळी मुलाने आणि सूनबाईने आम्हा दोघांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि टीव्ही बंद केला. आमच्याकडे टीव्ही फक्त कोणाच्या आजारपणाची बातमी सांगायची असली तरच बंद होतो.

"आई, बाबा," सूनबाई म्हणाली, "आजपासून विकतचे डायपर बंद. एकेक डायपर कचऱ्यात कित्येक पिढ्या तसाच पडून राहतो. आता हिला कापडी ट्रेनिंग चड्ड्या घालायच्या. धुवायच्या, वाळवायच्या, परत घालायच्या. पृथ्वीवरचा तेवढाच भार कमी."

"धुवायच्या कोणी?" आमच्या हिने विचारलं.

मुलाने पंख्याकडे पाहिलं. सूनबाईने मुलाकडे पाहिलं. मी माझ्या नखांची तपासणी केली. म्हणजे पृथ्वी वाचवायची हे घरात एकमताने ठरलं होतं. ती वाचवायला न्हाणीघरात कोणी बसायचं, एवढाच किरकोळ मुद्दा राहिला होता, आणि तो ज्यांनी विचारला त्यांच्याच पदरात पडला.

खरी बातमी मागून आली. सूनबाई एका नकाशे काढणाऱ्या कचेरीत काम करायची. आतापर्यंत तिला घरून काम करायची मुभा होती, ती पुढच्या महिनाअखेरीनंतरच्या पहिल्या तारखेला, म्हणजे सहा आठवड्यांनी, संपणार होती. कोपऱ्यावरच्या बालवाडीत जागा होती. पण बालवाडीचा नियम असा, की स्वतः सांगून स्वतः जाणारं मूलच घेणार. मुलाखत पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर वर्षभर माझ्या आईकडे ठेवू," सूनबाई म्हणाली. वाईट हेतूने नाही म्हणाली, पण म्हणाली.

विहीणबाई आठ तासांच्या अंतरावर राहतात. त्यांच्याकडे बाग आहे, दोन कामवाल्या आहेत, आणि दर फोनला त्या 'आमच्याकडे काय, मोकळी हवा' असं म्हणतात, जणू आम्ही इथे खोक्याला भोकं पाडून श्वास घेतो. अर्धा दिवस आम्ही नात सांभाळू शकतो, पूर्ण दिवस नाही, हे मुलानेच परस्पर ठरवलं होतं. हिचे गुडघे, माझा रक्तदाब. मुलं मोठी झाली की आईबापांची यादी करतात, कोणता भाग चालतो आणि कोणता नाही.

ही बैठक चालू असताना बटण माझा चष्मा माझ्याच बुटात ठेवून त्यावर मोजा अंथरत होती. एक वर्ष. सव्वादोन वर्षांच्या मुलीला एक वर्ष दूर ठेवलं, तर परत येईल ती दुसरीच कोणी असेल, आणि तिला बुटात काय ठेवायचं ते आठवणार नाही.

मी म्हणालो, "जमेल."

सूनबाईने नमुन्यादाखल एक चड्डी मागवली होती. सोबत दहा पानांची पुस्तिका. चड्डी हातात घेतली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. दोन पदर कापड, मध्ये एक पातळ गादी, कडेला दोरा सुटलेला आणि कमरेला इलॅस्टिक! माझ्या मते इलॅस्टिक म्हणजे शिंप्याने ग्राहकाच्या पोटापुढे टेकलेले हात. माप घ्यायचा कंटाळा आला की माणूस इलॅस्टिक घालतो. मी बँडवाल्यांचे, टपालवाल्यांचे, आगीच्या बंबावरच्या जवानांचे कपडे बेतले आहेत. जवान शिडीवर चढला, तिथून पडला, पण त्याची पँट कधी घसरली नाही.

"असल्या डझनभर मी घरी शिवतो," मी जाहीर केलं. "आणि असल्या म्हणजे असल्या नव्हेत."

"अहो," ही म्हणाली, "शिवता कशाला? दुपारची तिला मोकळी ठेवू. दोनदा पायावरून ओघळलं की तिसऱ्यांदा सांगेल. आपला नाही शिकला?"

"त्याच्या वेळी पुस्तक नव्हतं."

"म्हणूनच शिकला."

पुस्तकाबद्दल एक सांगायला हवं. मी अक्षरं शिकलो ती वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, कारखान्याच्या वॉचमनकडून, जेवणाच्या सुट्टीत. तोवर मापं चित्रांत काढायचो आणि सही म्हणून कात्री. उशिरा शिकल्यामुळे छापील मजकुराबद्दल मला जो आदर आहे, तो लहानपणी शिकलेल्यांना नसतो. ते ओळींवरून नजर फिरवतात. मी वाचतो. दिवसाला एक पान, त्याहून जास्त नाही, नाहीतर अक्षरं पचत नाहीत. हिला मात्र लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे मी मोठ्याने वाचायचो, ती भाजी निवडत 'हं' म्हणायची. ते 'हं' मला मान्यतेचं वाटायचं. हिच्या 'हं'मध्ये किती प्रकार आहेत हे समजायला मला फार वर्षं लागली, आणि त्याची पुस्तिका निघत नाही.

पहिल्या पानावर पृथ्वीचं चित्र होतं. दुसऱ्या पानावर कापडाचे प्रकार. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, की चड्डी उत्तम शोषणारी आणि मापात बसणारी हवी. तिसरं पान वाचून झालं आणि माझे हात शिवशिवायला लागले. आता पुढची सात पानं वाचत बसायचं म्हणजे आणखी आठवडा. मी यंत्रावरची चादर काढली.

कारखाना बंद पडला तेव्हा मी उरलेल्या कापडाची एक पेटी घरी आणली होती. त्यातून चार पदर फ्लॅनेल, दोन पदर टॉवेलचं कापड आणि बाहेरून एक पदर बंबवाल्यांच्या रेनकोटचा. एकूण सात. कमरेला आतून ताठ कापड घातलेला पट्टा. समोर दोन हुक, त्यांवर एक बटण. मागे घट्टसैल करायला बक्कल. घसरायची शंकाच नको म्हणून खांद्यावरून दोन पट्टे, पाठीवर फुली करून. प्रत्येक जोडावर दुहेरी शिलाई. अशा आठ चड्ड्या मी पाच दिवसांत तयार केल्या. शेवटचं काज करताना डोळ्यांत पाणी आलं. काही मोतीबिंदूचं असेल, सगळं नाही.

चड्डी चढवली आणि बटण बंबखात्याच्या लहानशा साहेबासारखी दिसू लागली. दोन्ही पाय फाकवून, हात जरा बाहेर ठेवून ती खोलीभर पाहणी करत हिंडली. वाकता येत नव्हतं, त्यामुळे बुटापर्यंत हात पोचेना. माझा चष्मा वाचला, हा एक वेगळाच फायदा.

आणि काय सांगू, पहिले तीन दिवस फरशीवर एक थेंब नाही!

"कोरडी!" मी दर दोन तासांनी फरशी पाहून ओरडायचो. मुलाने ऑफिसात पेढे वाटल्यासारखा चेहरा केला. सूनबाईने मैत्रिणींना फोटो पाठवले. मी विहीणबाईंना स्वतः फोन लावला आणि मोकळ्या हवेची चौकशी केली.

चौथ्या दिवशी हिने संध्याकाळी चड्डी सोडली, दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"उचला."

मी उचलली. भिजलेल्या गोधडीएवढं वजन.

"मुलगी दिवसभर करतेय," ही म्हणाली. "फक्त कुणाला कळत नाही. तिलासुद्धा नाही."

मी म्हणालो, "याचा अर्थ कापड उत्तम आहे."

"हं," ही म्हणाली.

त्या दिवशी मी चौथं पान वाचलं. त्यावर दोनच ओळी होत्या, भोवती चौकट काढलेली. मुलाला ओलेपणा जाणवला पाहिजे. चड्डी मुलाला स्वतःच्या हाताने खाली करता आली पाहिजे. मी त्या ओळी तीनदा वाचल्या. अक्षरं तीच राहिली. मग मी पुस्तिका पेटीत ठेवली. त्या दिवशी मी मोठ्याने काही वाचलं नाही, आणि हिनेही विचारलं नाही.

शहाण्या माणसाने तिथे थांबून हुक काढले असते. पण मी आठ चड्ड्या शिवल्या होत्या आणि नऊ जणांना सांगितलं होतं. मी मनाशी ठरवलं, की दोष चड्डीत नाही, मुलीच्या लक्षात आणून देण्यात आहे. मग सल्ले घ्यायला सुरुवात केली. समोरच्या नर्सबाई, निवृत्त, म्हणाल्या, "नळ थोडा सोडून ठेवा मास्तर. पाण्याचा आवाज ऐकला की आपोआप होते." पृथ्वी वाचवण्यासाठी आम्ही दोन दिवस नळ सोडून ठेवला. खालचा औषधवाला म्हणाला, "नळबिळ सोडा. हळू शिट्टी वाजवा. घोड्यालासुद्धा होते." मी अर्धा तास शिट्टी वाजवली. परिणाम झाला, पण माझ्यावर.

इकडे चड्ड्या वाळेनात. सात पदरांना, त्यातून रेनकोटला, ऊन बाहेरून दिसतं पण आत जात नाही. पहिल्या दिवशी धुतलेली चड्डी चौथ्या दिवशीही आतून ओलीच. घरातली दोरी पुरेना, म्हणून मी त्या जिन्यासमोरच्या कठड्यावर ओळीने वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशी दाराला सोसायटीची नोटीस. नियम चौदा, सामाईक कठड्यावर अंतर्वस्त्रं वाळत घालू नयेत.

आमचे सेक्रेटरी पाणीखात्यात हेडक्लार्क होते. निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. मी त्यांना स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं. आयुष्यातलं माझं पहिलं पत्र, आणि तेही चड्डीबद्दल. लिहिलं, की ही अंतर्वस्त्रं नसून प्रशिक्षणाचं साहित्य आहे.

सेक्रेटरी पत्र घेऊन वर आले. "मास्तर, अक्षर झकास आहे हो. पण प्रशिक्षणाचं साहित्य म्हणताय, तर मग सामाईक जागेत प्रशिक्षण चालवायला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते."

"प्रशिक्षण घरात चालतं. साहित्य फक्त वाळतं."

"मग साठा म्हणावा लागेल. साठ्याला नियम एकोणीस."

"अहो, ती सव्वादोन वर्षांची आहे!"

"वयाची अट नियमात नाही," सेक्रेटरी म्हणाले, आणि एक चड्डी बोटाने चाचपून पाहिली. "कापडी आहे? धुऊन परत वापरता?"

"हो."

त्यांचा चेहरा बदलला. नगरपालिकेने त्या वर्षी 'हरित इमारत' नावाची स्पर्धा काढली होती. आमच्या सोसायटीने अर्ज भरला होता आणि दाखवायला तीन कुंड्यांपलीकडे काही नव्हतं. त्यांतल्या दोनच जिवंत होत्या. सेक्रेटरींनी खुर्ची ओढली, आणि पाच मिनिटांत नियम चौदा आणि एकोणीस दोन्ही गळून पडले. वीस तारखेला तपासणी समिती येणार होती. तिच्यासमोर मी चड्ड्यांची माहिती द्यायची, बटणने प्रात्यक्षिक द्यायचं.

"कसलं प्रात्यक्षिक?" ही आतून म्हणाली.

"नुसतं उभं राहायचं हो वहिनी. पर्यावरणाचं प्रतीक म्हणून."

मला त्या वेळी नाही म्हणता आलं असतं. पण त्यांनी मला 'हरित आजोबा' म्हटलं, आणि एकेचाळीस वर्षांत कारखान्याने मला फक्त 'कटिंग' म्हणून हाक मारली होती.

दरम्यान बालवाडीचा फॉर्म आला. त्यात रकाना होता, 'स्वच्छतागृहाचा वापर: स्वतंत्र, अर्धस्वतंत्र, परावलंबी. डॉक्टरांची सही आवश्यक.' मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मी सर्दी-खोकल्याचा माणूस. मी हे पाहिल्याशिवाय कसं लिहू? आणि पाहू कशाला?" त्यांनी मला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या सिस्टरने सांगितलं, की आम्ही लशी देतो, स्वातंत्र्य देत नाही, बालवाडीकडूनच लिहून आणा. बालवाडीच्या शिपायाने सांगितलं, डॉक्टरांची सही असल्याशिवाय बाई भेटत नाहीत. या फेऱ्यात माझा पूर्ण दिवस गेला, आणि तिन्ही ठिकाणी मिळून एकही स्वच्छतागृह माझ्यासाठी उघडं नव्हतं, हे जाता जाता सांगतो.

वीस तारीख उजाडली. सोसायटीच्या अंगणात टेबल, त्यावर कापड, त्यावर ती एक जिवंत कुंडी. दुसरी आदल्या रात्री गेली. समितीत तिघे होते. एक जाड साहेब, एक बारीक लेखनिक आणि गुणपत्रिकांची फाईल सांभाळणाऱ्या एक बाई. बटण टेबलाशेजारी पाय फाकवून उभी, सगळे पट्टे आवळलेले. मी सात पदरांबद्दल बोलायला लागलो. चौथ्या पदराशी होतो, आणि बटणने माझा सदरा ओढला.

"आजोबा, शू."

मी बोलायचा थांबलो. तिने आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं होतं! झाल्यावर नाही, आधी! सगळं अंगण टाळ्या वाजवायला लागलं. जाड साहेब म्हणाले, "वा!" सेक्रेटरींनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा, लिहा, वेळ लिहा."

मी वाकून दोन्ही हुक सोडले. वरचं बटण निघेना. वारंवार धुऊन काज आकसलं होतं आणि ते त्यात घट्ट अडकलं होतं. मी मागचं बक्कल धरलं. ते गंजलं होतं.

"आजोबा, शू!"

"हो बाळा, हो."

नर्सबाई धावल्या. सेक्रेटरींनी एक पट्टा ओढला, औषधवाल्याने दुसरा. चार मोठी माणसं एका चड्डीशी झटत होती आणि चड्डी जिंकत होती. शिलाई एका टाक्याने हलली नाही. काय शिवली होती मी! बटण एकदा माझ्याकडे पाहून तिसऱ्यांदा म्हणाली, "शू", पण या वेळी हळू. मग तिने नजर खाली केली, आणि आम्हा सगळ्यांना समजलं.

खाली मात्र थेंब नाही.

"कोरडी!" सेक्रेटरी ओरडले. "पाहा साहेब, पूर्ण कोरडी! हे आमच्या इमारतीचं तंत्रज्ञान!"

बटणने भोकाड पसरलं. जाड साहेब मनाने चांगले होते. त्यांनी तिला उचललं, मांडीवर बसवलं आणि थोपटण्यासाठी जवळ घेऊन दाबलं. स्पंज दाबला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. सकाळपासूनचं सगळं होतं. साहेबांची पँट, टेबलावरचं कापड, बाईंच्या हातातली फाईल. आमच्या प्रभागातल्या सगळ्या हरित इमारतींचे गुण एकमेकांत मिसळले.

मी लाजलो ते यासाठी नाही. लोकांसमोर फजिती व्हायची मला सवय आहे. ग्राहक आरशासमोर उभा राहिला की शिंप्याची रोजच होते. पण त्या दिवसापासून बटण गप्प झाली. शूबद्दल एक शब्द नाही. मी विचारायचो, "बटण, शू आली?" ती मान वळवायची. तिने तीनदा सांगून पाहिलं होतं, आणि सांगून काही उपयोग होत नाही हे तिला तिच्या आजोबाने शिकवलं होतं. आठ दिवस राहिले होते. सूनबाईने आईला फोन केला. विहीणबाईंनी लहान पलंग झाडून पुसून ठेवल्याचं कळवलं.

दोन दिवसांनी, दुपारी, मला डुलकी लागली नाही. एरवी मी जेवून दोन ते चार झोपतो, घरातल्या कोणालाही त्यात शंका नसते. उठून पाणी प्यायला गेलो तर न्हाणीघराच्या दाराशी ही बुटक्या स्टुलावर बसलेली. जे गुडघे वाकत नाहीत म्हणून मुलाने यादीत लिहिले होते, ते पूर्ण वाकलेले. समोर बटण, तिच्या बापाचा जुना शर्ट घोट्यापर्यंत, खाली काही नाही, आपल्या भांड्यावर बसून गप्पा मारत होती.

"मग तो बूट काय म्हणाला?" ही विचारत होती.

"बूट नाही बोलत, आजी."

"मग मोजा बोलतो?"

बटणने विचार केला. "झाली," ती म्हणाली, आणि उठली.

मी दाराआडून पुढे आलो. "हे कधीपासून?"

"रोज दुपारी. तुमचा डोळा लागला की," ही म्हणाली. "चार आठवडे झाले. अंगणात सांगितलं ते काय तुमच्या नळामुळे? त्या दिवसापासून माझ्याशीसुद्धा बोलेना. आजच बसली पुन्हा."

"मला सांगायचंस ना!"

तिने हात पुढे केला, मी धरून तिला उठवलं. उठताना तिच्या तोंडून आवाज निघाला, तो तिने खोकल्यात लपवला.

"तुम्ही एवढ्या हौसेने शिवत होतात," ती म्हणाली. "म्हटलं, शिवू दे. सकाळी तुमची चड्डी, दुपारी माझी पाळी. पोरगी कुठे तक्रार करत होती?"

"चौथ्या पानावर अगदी हेच लिहिलंय," मी म्हणालो.

"हं," ही म्हणाली. हा 'हं' कोणता ते मला त्या दिवशी कळलं.

सत्तावीस तारखेला मी यंत्रावर बसलो. ही उशीचा एक जुना अभ्रा घेऊन शेजारी उभी राहिली. कितीही धुतला तरी मऊच राहणारा.

"दोन पदर," ती म्हणाली.

"दोन."

"हुक नाही."

"नाही."

"इलॅस्टिक."

मी सुई तपासली. पाय यंत्रावर ठेवला, काढला, परत ठेवला. एकेचाळीस वर्षं. मग कमरेत इलॅस्टिक ओवलं. सैल ओवलं. ती चड्डी मी कोणाला दाखवली नाही. कोणी विचारलं असतं तर विकतची म्हटलं असतं.

अठ्ठावीस तारखेला बालवाडीच्या बाईंसमोर आम्ही पाचजण बसलो. फॉर्मवर डॉक्टरांची सही नव्हती. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सहीशिवाय मी हा रकाना कसा भरू? मूल स्वतंत्र आहे हे मला कशावरून समजायचं?"

मुलाने पंख्याकडे पाहिलं. सूनबाईने मुलाकडे. मी तोंड उघडलं, आणि हिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

बटण खुर्चीवरून उतरली. बाईंसमोर जाऊन तिने दोन्ही अंगठे कमरेत घातले, एका झटक्यात चड्डी खाली केली, पायातून काढली, घडी घातल्यासारखी चुरगाळली आणि बाईंच्या टेबलावर, आमच्या फॉर्मवर ठेवली.

"कुठे?" तिने विचारलं.

बाई उठल्या आणि तिला घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी पेन उचललं. "पुढच्या वेळी दोन शब्द जास्त आणि कपडा दोन मिनिटं उशिरा," त्या म्हणाल्या, "बाकी ठीक." आणि 'स्वतंत्र' या शब्दाभोवती गोल काढला. तो गोल मी उलट्या बाजूने वाचला.

विहीणबाईंचा पलंग रिकामा राहिला. त्यांनी फोनवर मोकळ्या हवेचा उल्लेख केला, पण मोघम. आमच्या इमारतीला हरित स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला. ओल्या फायलीत कोणाचे गुण कोणाला लागले हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्याबद्दल सेक्रेटरींनी कठड्यावर, बरोबर माझ्या चड्ड्या वाळायच्या तिथे, एक मोठा प्लास्टिकचा फलक लावला. तो चार वर्षं होता. फाटेना, कुजेना.

त्या आठ चड्ड्या पेटीत पडून होत्या. एवढा दोरा आणि एवढी शिलाई टाकवत नव्हती.

पुढे ही आजारी पडली. शेवटचे तीन महिने अंथरुणावरच होती. मुलाने मोठ्या माणसांचे विकतचे डायपर आणले. पर्यावरणाचा विषय त्या वेळी कोणी काढला नाही, आणि काढू नये. पण तिला ते काचायचे. अंगावर लाल वळ उठायचे. मी पेटी उघडली, त्या आठ चड्ड्या उसवल्या. दुहेरी शिलाई, सोडवायला दोन दिवस लागले. फ्लॅनेल तेवढं घेतलं. दोन पदर, कडेला साधी नाडी, सैल. बेतताना तिने उशीवरून मान वळवून पाहिलं.

"बक्कल नाही ना लावत?"

"नाही."

"हुक?"

"नाही गं."

"मग ठीक," ती म्हणाली. "मला घाई असते."

मी त्या रोज धुतल्या. बुटक्या स्टुलावर बसून धुतल्या. माझे गुडघे यादीत नव्हते, पण तेही दुखतात हे तेव्हा कळलं. कठड्यावर वाळत घातल्या. सेक्रेटरी जिन्याने वर येताना त्यांखालून वाकून जायचे. नोटीस आली नाही.

बटण तिसरीत होती त्या वर्षी, नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, बुधवारी, दुपारी सव्वातीन वाजता माझी बायको वारली.